जुन्या फोर बाय फोरच्या स्टिअरिंगमध्ये ऑइल घालायचं तर कोणतं?

जुन्या फोर बाय फोरचं बोनेट उघडलं की एका कोपऱ्यात छोटीशी डबी दिसते. झाकणावर स्टिअरिंग व्हीलचं पुसट चित्र, आत चार बोटं लालसर किंवा तपकिरी ऑइल. इंजिन ऑइलवर लोक तासन्‌तास वाद घालतात. या डबीकडे मात्र पंप ओरडायला लागेपर्यंत कुणी ढुंकूनही बघत नाही. पातळी उतरली की हाताशी असेल ते ओतायचं आणि झाकण लावायचं. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत असं ओतणारे बरेच हात होऊन गेलेले असतात, त्यामुळे आत आज नेमकं काय आहे हे सध्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

नवीन बाटली घ्यायला जावं तर गोंधळ आणखी वाढतो. एकीवर ठळक अक्षरांत ‘पॉवर स्टिअरिंग फ्लुइड’, दुसरीवर ‘एटीएफ’ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), तिसरीवर ‘सर्व गाड्यांसाठी’. गाडीच्या पुस्तकात मात्र ‘डेक्सरॉन टू’ हे जनरल मोटर्सच्या एटीएफच्या जातीचं नाव लिहिलेलं, आणि ते नाव यातल्या एकाही बाटलीवर दिसत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: बाटलीच्या दर्शनी बाजूला छापलेलं ‘पॉवर स्टिअरिंग’ हे नाव निवडीच्या कामाचं नाही. बाटली फिरवून मागे बारीक अक्षरांत कोणती स्पेसिफिकेशन दिली आहेत ते वाचायचं आणि आपल्या पंपाला काय लागतं त्याच्याशी ताडून बघायचं. बऱ्याच जुन्या ऑफ-रोड गाड्यांच्या बाबतीत उत्तर निघतं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, गाडीचे गिअर हाताने टाकायचे असले तरीही.

हे ऑइल तिथे करतं काय

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप असतो. पंपाच्या आत रोटर, रोटरला खाचा, खाचांत आतबाहेर सरकणारी पातळ पोलादी पाती. रोटर फिरला की ही पाती बाहेरच्या अंडाकृती भिंतीला टेकून घसटत जातात आणि मधलं ऑइल दाबून पुढे ढकलतात. जाड होजमधून ते ऑइल स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं. तिथे स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की तो काही अंशांनी पिळतो, त्या पिळानुसार व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल पिस्टनच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला सोडलं जातं. चाक वळवण्याचं खरं जोर लावायचं काम तो पिस्टन करतो, तुमचे हात नुसती दिशा सांगतात.

सरळ रस्त्यावर या ऑइलला फारसा दाब नसतो. जागच्या जागी मोठं टायर वळवताना किंवा स्टिअरिंग पूर्ण लॉकला, म्हणजे वळेल तितकं टोकाला, नेल्यावर मात्र दाब ७० ते १०० बार आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. टायरमध्ये आपण हवा भरतो ती दोन-अडीच बारची, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाखाली पातं आणि भिंत यांच्यामध्ये असतो तो फक्त ऑइलचा पापुद्रा. तो फाटला की धातू धातूला खातो आणि त्याचा बारीक चुरा अख्ख्या यंत्रणेत फिरायला लागतो.

म्हणजे एकाच ऑइलने जोर पोचवायचा, पंपाला वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, रबरी सील मऊ ठेवायचे पण फुगवायचे नाहीत, आणि हे सगळं फेस न धरता करायचं. ऑइल निवडताना या कामांचाच विचार करायचा आहे. रंग आणि नाव ही त्यानंतरची गोष्ट.

गिअरबॉक्सचं ऑइल स्टिअरिंगमध्ये कसं आलं

पॉवर स्टिअरिंग असलेली विक्रीची पहिली मोटार म्हणजे १९५१ ची क्रायस्लर इम्पीरियल. त्या वेळी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रूढ होऊ लागले होते आणि त्यांच्यासाठी जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ नावाचं ऑइल ठरवून दिलं होतं. पातळ, थंडीत वाहणारं, फेस न धरणारं, सीलला मानवणारं, घर्षण सोसणारं. स्टिअरिंगच्या पंपालाही नेमकं हेच हवं होतं. तयार ऑइल समोर असताना नवीन कशाला बनवा, असा हा सरळ व्यवहार. लाल रंगसुद्धा तिथलाच. गळती दिसली की ती इंजिन ऑइलची नाही हे पटकन कळावं म्हणून तो घातला जातो.

पुढे १९६७ मध्ये डेक्सरॉन आलं, १९७३ मध्ये डेक्सरॉन टू, १९९३ मध्ये डेक्सरॉन थ्री आणि २००५ मध्ये डेक्सरॉन सिक्स. पहिल्यातून दुसऱ्यावर जाण्यामागची कथा मोठी विचित्र आहे. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक ऑइलमध्ये घर्षण नीट राखण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळलेलं असायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधत बसावं लागलं.

एक गोष्ट मात्र इथे पक्की ध्यानात घ्यावी. या पिढ्यांमधले, आणि फोर्डच्या टाइप एफ किंवा मर्कॉनशी असलेले, बरेचसे फरक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांपायी आहेत. प्लेटा किती झटक्याने धरायच्या, किती हळू सोडायच्या, यासाठी घर्षणाची रसायनं कमीजास्त केलेली असतात. स्टिअरिंगमध्ये क्लच प्लेटा नसतातच. त्यामुळे गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉनऐवजी टाइप एफ घातलं तर मोठा घोळ होईल, पण स्टिअरिंगच्या डबीत चुकून दोन्ही मिसळलं गेलं तर सहसा आकाश कोसळत नाही. एटीएफच्या कोणत्या जातीवरून किती तावातावाने भांडायचं, हे यावरून ठरवावं.

आता डेक्सरॉन थ्रीचा पेच. जनरल मोटर्सने त्याचे परवाने २००६ च्या अखेरीस बंद केले. त्यामुळे आज एखाद्या बाटलीवर ‘डेक्सरॉन थ्री’ लिहिलेलं दिसलं तर तो त्या तेल कंपनीचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे परवाना नाही. म्हणून ते ऑइल वाईट ठरत नाही. कंपनी नावाजलेली असावी आणि ‘डेक्सरॉन थ्री जिथे लागतं तिथे योग्य’ असं तिने स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढं बघितलं की पुरे.

डेक्सरॉन सिक्स जरा पातळ आहे. दाटपणा मोजायचं एकक सेंटिस्टोक. साध्या तापमानाला पाण्याचा आकडा साधारण १ येतो. डेक्सरॉन थ्री १०० अंश सेल्सियसला सात-साडेसातच्या आसपास असतं, सिक्सला ६.४ च्या वर जायची परवानगीच नाही. गिअरबॉक्समध्ये जुन्यांच्या जागी सिक्स चालतं असं जनरल मोटर्स म्हणते. स्टिअरिंगमध्येही पंप धडधाकट असेल तर ते बिनतक्रार चालतं. पण पंपाची पाती झिजलेली, बॉक्सचे सील म्हातारे आणि काम उन्हातल्या खडकाळ चढणीचं असेल, तर ऑइल जितकं पातळ तितकं ते पंपाच्या आतल्या आत मागे निसटतं आणि इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असताना स्टिअरिंग जड लागतं. अशा गाडीत मी थ्रीच्या जातीचंच ऑइल घालीन. पंप नवा बसवलेला असेल किंवा गाडी बर्फाळ भागात राहत असेल, तर सिक्स घ्यायला हरकत नाही.

कोणत्या गाडीला कोणतं

टोयोटाची ८० सिरीज लँड क्रूझर आणि त्या काळातली हायलक्स, जुनी मित्सुबिशी पजेरो, लँड रोव्हर डिफेंडर, रेंज रोव्हर क्लासिक या सगळ्यांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ लागतं. पुस्तकात ‘डेक्सरॉन टू’ किंवा ‘टू डी’ असलं तरी आज त्याच्या जागी थ्रीच्या जातीचं घालतात, कारण ते मागच्या पिढीचं काम करतं.

जीप चेरोकी आणि रँग्लरच्या १९९० च्या दशकातल्या गाड्या दुसऱ्या घराण्यातल्या. त्यांना फिकट पिवळसर, खास स्टिअरिंगसाठी बनवलेलं फ्लुइड सांगितलेलं असतं. ‘पॉवर स्टिअरिंग फ्लुइड’ हे नाव शब्दशः लागू पडतं ते इथे. पुढच्या वर्षांत क्रायस्लर स्वतःच आपल्या ‘एटीएफ प्लस फोर’कडे वळली. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी त्यांच्या वर्षांप्रमाणे ऑइल वेगळं असू शकतं. मित्राच्या गाडीत चालतं म्हणून आपल्यातही चालेल, हा हिशेब इथे फसतो. आपल्या गाडीच्या वर्षाचंच पुस्तक बघावं आणि डबीच्या झाकणावर काही कोरलेलं असेल तर तेही वाचावं.

तिसरं घराणं सीएचएफचं, म्हणजे हिरवट रंगाचं सिंथेटिक हायड्रॉलिक फ्लुइड. डिस्कव्हरी थ्रीसारख्या गाड्यांना थंड हवामानासाठीचं असंच फ्लुइड लागतं, आणि बऱ्याच युरोपीय गाड्यांनाही. सीएचएफ ११ एसचा दाटपणा ४० अंशांना १८-१९ सेंटिस्टोक, तर साध्या एटीएफचा ३४ च्या आसपास. थंडी वाढत गेली की ही दरी रुंदावत जाते. उणे ४० अंशांना एटीएफ सीएचएफच्या कित्येक पटींनी दाट झालेलं असतं. सीएचएफसाठी बनवलेल्या यंत्रणेत एटीएफ घातलं की थंडीत सकाळी पंप कण्हतो. उलट एटीएफच्या जुन्या पंपात सीएचएफ ओतलं तर ४० अंशांना ते निम्म्याच दाटीचं पडतं. ही दोन एकमेकांत मिसळू नयेत. मिसळली गेली असतील तर यंत्रणा धुऊन काढावी.

आणि ज्या जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंगच नाही, तिच्या स्टिअरिंग बॉक्सवरही एक प्लग असतो. तिथे यातलं काहीच घालायचं नाही. तिथे गिअर ऑइल किंवा पातळ ग्रीस लागतं.

रंगावर विसंबू नये हे ओघानं आलंच. लाल म्हणजे बहुधा एटीएफ, हिरवं म्हणजे बहुधा सीएचएफ, पिवळसर म्हणजे बहुधा स्टिअरिंग फ्लुइड, पण ‘बहुधा’च्या पुढे रंग काही सांगत नाही. रंग कोणता घालायचा हे तेल कंपनीच्या मर्जीवर असतं. लाल फ्लुइडही दोन-तीन वर्षं तापून निघालं की चहाच्या रंगाचं होतं.

गाडीत फेरफार केलेले असतील तर पुस्तकही अपुरं पडतं. ऑफ-रोडच्या गाड्यांत दुसऱ्याच गाडीचा दणकट पंप, तिसऱ्याच गाडीचा बॉक्स, वर जोडीला चाकं वळवायला मदत करणारा हायड्रॉलिक रॅम असा संसार सर्रास दिसतो. अशा वेळी गाडीचं नाव विसरून पंप कोणत्या गाडीचा आहे ते शोधावं आणि त्या पंपाच्या मूळ मालकाला जे लागतं ते घालावं. शिवाय याच पंपावर आणखी काय चालतं तेही बघून घ्यावं. काही ट्रकांत आणि मोठ्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा बूस्टर स्टिअरिंगच्याच ऑइलवर चालतो. १९९९ ते २००४ मधल्या काही ग्रँड चेरोकींत तर रेडिएटरचा पंखासुद्धा या ऑइलच्या दाबाने फिरतो. तिथे ऑइल चुकलं तर एकट्या स्टिअरिंगवर भागत नाही.

जी चूक महागात पडते

वरच्या बऱ्याचशा गोष्टींत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. एका बाबतीत अजिबात निभावत नाही, ती म्हणजे ब्रेक फ्लुइड. दोन्ही डब्या बोनेटखाली, दोन्ही सारख्याच आकाराच्या, कित्येकदा दोन्हींतलं द्रव फिकट पिवळं. स्टिअरिंगचं ऑइल खनिज तेलाच्या जातीचं, तर डॉट थ्री आणि डॉट फोर ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलच्या जातीचं. खनिज तेलात टिकणाऱ्या नायट्राइल रबराचे सील ग्लायकॉलमध्ये फुगतात आणि मऊ पडतात. उलटही तितकंच खरं: ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं. ब्रेकच्या डबीत स्टिअरिंगचं ऑइल गेलं तर प्रकरण थेट जिवावर बेततं.

स्टिअरिंगच्या डबीत ब्रेक फ्लुइड पडल्याचं लगेच लक्षात आलं तर इंजिन चालू करू नका. सिरिंजने डबी रिकामी करा, डबीला जोडलेले होज काढून आतलं सगळं सांडून टाका, योग्य ऑइलने दोन-तीनदा धुवा, मगच पट्टा फिरू द्या. गाडी तशीच काही दिवस चालवली असेल, तर होज, सील आणि डबीचं वॉशर बदलण्याची तयारी ठेवावी.

इंजिन ऑइलचं काय, हा प्रश्न रानावनात अडकलेल्यांना नेहमी पडतो. ते सीलला सहसा मारत नाही, पण भलतंच दाट पडतं. ४० अंशांना साधं १०डब्ल्यू-४० नव्वद-शंभर सेंटिस्टोकच्या घरात असतं, म्हणजे एटीएफच्या जवळजवळ तिप्पट. आडवाटेवर होज फुटून सगळं ऑइल सांडलं आणि जवळ एटीएफ नसेल, तर ३२ ग्रेडचं खनिज हायड्रॉलिक ऑइल त्यापेक्षा पुष्कळ जवळचं. ट्रॅक्टर किंवा यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणी ते मिळूनही जातं. घरी पोचल्यावर ते काढून टाकायचं, हे ओघानेच आलं. काहीच मिळालं नाही आणि स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा वेगळा असेल, तर तो काढून जड स्टिअरिंगने हळूहळू बाहेर पडावं. कोरडा पंप काही मिनिटांत स्वतःला खाऊन टाकतो.

ऑफ-रोडमध्ये ऑइल का लवकर मरतं

हायवेवर फिरणाऱ्या गाडीत हे ऑइल वर्षानुवर्षं तग धरतं. त्याच गाडीला मोठी टायर चढवून, हवा कमी करून खडकांत नेलं की हिशेब बदलतो. चाक दगडात अडकलेलं, स्टिअरिंग पूर्ण लॉकला, इंजिन जेमतेम आयडलला आणि समोरून वारा नाही. लॉकला धरून ठेवलं की पिस्टनला पुढे जायला जागाच उरत नाही. मग पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पूर्ण दाबाचं ऑइल पुन्हा पंपातच घुमत राहतं. काम शून्य, सगळी शक्ती उष्णतेत.

आकडा काढून बघू. मिनिटाला आठ लिटर ऑइल १०० बार दाबाने ढकलायला साधारण १.३ किलोवॉट लागतात. पाणी उकळायच्या इलेक्ट्रिक किटलीच्या जवळपासची ही ताकद, आणि यंत्रणेत ऑइल असतं जेमतेम एक लिटर. धातू थोडी उष्णता शोषून घेतो हे सोडून दिलं, तर त्या लिटरभर ऑइलचं तापमान दहा सेकंदांत सात-आठ अंशांनी चढतं. अर्धा मिनिट लॉकला धरून इंजिन रेस करणाऱ्याच्या पंपात काय होत असेल, याचा विचार करा. म्हणून चाक अडकलं की स्टिअरिंग लॉकवरून जराशी मागे आणावी. नुसता अंगठाभर मागे घेतल्याने दाब उतरतो.

तापलेलं ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी वेगाने संयोग पावतं. दर दहा अंशांना हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ८० अंशांना निवांत असलेलं ऑइल १२० ला सोळापट वेगाने म्हातारं होतं. आधी रंग काळवंडतो, मग करपलेला वास येतो, मग तळाशी चिकट गाळ धरतो. त्यातच जुन्या होजच्या आतलं रबर सुटून मिसळतं आणि ऑइल काळं कुट्ट होतं.

इथे सिंथेटिक एटीएफला जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे, पण स्पेसिफिकेशन तेच असलं तर. तापमान सोसण्यात ते खरोखर पुढे असतं. तरीही मला निवडायला सांगितलं, तर ‘योग्य जातीचं साधं ऑइल, दरवर्षी बदललेलं’ हे मी ‘महागडं सिंथेटिक, एकदा घालून विसरलेलं’ याच्या वर ठेवीन. त्याहूनही वर परतीच्या होजवर बसवलेला छोटा ऑइल कूलर. तो बसवताना परतीची लाइन कोणती हे नीट ओळखावं: क्लॅम्पने आवळलेली मऊ नळी परतीची, नट बसवून घट्ट केलेली जाड होज दाबाची.

आवाज येतोय म्हणून ऑइल बदलण्याआधी

पंप कुंथायला लागला की लोक दुसऱ्या कंपनीचं ऑइल आणतात. बऱ्याचदा दोष ऑइलचा नसतोच, हवेचा असतो. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीचं रबर कडक होतं, क्लॅम्प ढिला पडतो आणि पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. बाहेर एक थेंबही गळत नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून स्टिअरिंग झटके देतं.

हे तपासायला इंजिन आयडलला ठेवून डबीचं झाकण उघडा आणि कुणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा. पृष्ठभागावर साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे दिसले की हवा आहे. मग इंजिन बंद करून पातळीवर नजर ठेवा. बंद करताच पातळी वर चढली, तर आत दबून बसलेली हवा फुगून ऑइलला वर ढकलते आहे. आधी त्या नळीचा आणि क्लॅम्पचा बंदोबस्त करावा. काही गाड्यांच्या डबीत तळाशी बारीक जाळी असते, ती गाळाने तुंबली तरी अगदी असाच आवाज येतो.

ऑइल दुधाळ दिसत असेल तर बुडबुड्यांखेरीज पाण्याचाही संशय घ्यावा. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. नदी ओलांडताना बोनेटपर्यंत पाणी आलं, की तिथून आत शिरतं. इंजिन बंद करून रात्रभर ठेवलं तर हवेचा फेस बसतो, पाण्याचा दुधाळपणा बसत नाही. पाणी असेल तर सगळं ऑइल लगेच काढावं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यातली रसायनं रबराला फुगवून मऊ करतात, त्यामुळे गळती काही काळ खरोखर थांबते. लांबच्या प्रवासात घरी पोचण्यापुरती ती सोबत ठेवावी. कायमचा इलाज मात्र नवीन सीलच.

आत काय आहे ते माहीत नसेल तर

जुनी गाडी हातात आली आणि आधीचं ऑइल कोणतं हे ठाऊक नसेल, तर ओळखत बसू नका, सगळं बदला. डबीतलं सिरिंजने काढून नवीन भरायचं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करायचं, ही सोपी पद्धत पुष्कळांना आवडते. पण डबीत एकूण ऑइलचा तिसरा हिस्सा मावत असेल, तर असं पाच वेळा करूनही जुनं १३ टक्के उरतं. नेहमीच्या देखभालीला ही पद्धत चालेल. चुकीचं ऑइल बाहेर काढायला ती अपुरी आहे.

पूर्ण धुवायला दोन-तीन लिटर ऑइल हाताशी ठेवा. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेका, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. परतीची नळी डबीपासून काढून तिचं टोक मोठ्या बाटलीत सोडा आणि डबीवरचं ते मोकळं तोंड रबरी बुचाने बंद करा. इंजिन बंदच ठेवा. एकाने स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने डबी भरत राहायची. स्टिअरिंग बॉक्समधलं जुनं ऑइल असंच बाहेर ढकललं जातं. बाटलीत पडणारं ऑइल आधी काळं, मग मातकट आणि मग एकदम नव्या रंगाचं यायला लागतं. तो बदल झाल्यावरही आणखी अर्धा लिटर जाऊ द्या. डबी एकदाही रिकामी पडू देऊ नका.

नळी परत जोडा, डबी ‘कोल्ड’ खुणेपर्यंत भरा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग वीसेक वेळा दोन्हीकडे फिरवा. पातळी उतरेल, पुन्हा भरा. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करा, चाकं अधांतरी असतानाच सावकाश वळवा, लॉकला धरून ठेवू नका. शेवटी गाडी खाली घेऊन थोडी चालवा आणि ऑइल तापल्यावर ‘हॉट’ खुणेशी पातळी बघा. थंड ऑइल ‘हॉट’ खुणेपर्यंत भरलं, तर तापल्यावर ते झाकणातून बाहेर येतं आणि लोकांना वाटतं नवीन गळती लागली. झाकणावर मार्करने ऑइलचं नाव आणि वर्ष लिहून टाका; पुढच्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. काढलेलं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.

पुढचे दोन आठवडे बॉक्सच्या खालच्या सीलवर आणि होजच्या सांध्यांवर लक्ष ठेवा. नव्या ऑइलमुळे जुना चिकट गाळ सुटतो, आणि त्या गाळानेच बुजलेली एखादी झिजलेली जागा आता पाझरू लागते. असं झालं की बरेच जण नवीन ऑइलला दोष देतात आणि पुन्हा जुन्याकडे वळतात. ते करू नका. तो सील आधीच गेलेला होता, तो बदला.